“शेवटची आजी गेली की भाषा गेली” वाल्या फॉरवर्डबद्दल

सगळ्या ग्रुपवर एका म्हाताऱ्या आफ्रिकन बाईचा फोटो फिरतोय, खाली मजकूर असा की भाषा बोलणारी ही शेवटची, भाषेला लिपी नाही, लोकांनीच स्वतःहून सोडून दिली, आणि ही आता पोरांना चार गाणी शिकवतीये त्यानं काय होणार, ही गेली की विषय संपला. मग रडके इमोजी.

बाईचं नाव कात्रिना एसाऊ, जन्म 1933, राहते दक्षिण आफ्रिकेत अपिंग्टनला. भाषा नू (नावातच एक क्लिक, म्हणजे जिभेनं चटकन काढलेला आवाज आहे, देवनागरीत बसत नाही, चालवून घ्या). अस्खलित बोलणारी 2021 पासून ती एकटीच उरलीये, तेवढं खरंय.

“स्वतःहून सोडली” हे वाचून तर डोकंच फिरलं. कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांच्या (आजी त्यांच्यातलीच) जमिनी गेल्या, 1931 ला तिथं नॅशनल पार्क झालं, हळूहळू त्यातूनही त्यांना बाहेर काढलं, मग गोऱ्यांच्या शेतावर मजुरी. आजी स्वतः सांगते की लहानपणी शेतमालक ही भाषा घाणेरडी म्हणायचा, बोलूच द्यायचा नाही, डचमधून आलेल्या आफ्रिकान्स भाषेतच बोलायचं. ज्याच्या दारात पोट भरायचं त्यानंच तोंड बंद केलं, आणि आपण म्हणायचं स्वतःहून सोडली?

आणि ही भाषा “संपली” असं आधीही एकदा ठरवून झालंय बरं का! 1970 च्या दशकात अभ्यासकांनी ती गेलीच असं धरलेलं, पण 1990 च्या दशकात त्या गेलेल्या जमिनींसाठी सान लोकांचा दावा सुरू असताना एल्सी वालबॉय नावाची एक म्हातारी सापडली, अगदी व्यवस्थित बोलणारी, मग शोधाशोध केल्यावर अजून वीसेक जण निघाले. 1999 मध्ये जमीनही परत मिळाली, सुमारे 40,000 हेक्टर.

लिपीचं म्हणाल तर, केप टाउन विद्यापीठातले शीना शाह आणि मथियास ब्रेंझिंगर आजीबरोबर बसले आणि लिहायची पद्धत बसवली, 2016 ला शिकायचं पुस्तकही आलं. सोपं काम नव्हतं, 45 प्रकारचे क्लिक आहेत. आपण कुणाची कीव करताना च्च च्च करतो ना, तो आवाज त्यांच्याकडे चक्क व्यंजन आहे, आणि ओठांनी पापा घेतल्यासारखा एक आवाज, तोही व्यंजन. आजीला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, तरी तिनं नातीबरोबर मुलांसाठी कासव आणि शहामृगाच्या गोष्टीचं पुस्तक केलं, 2021 ला. त्याच्या पुढच्या वर्षी शब्दकोश आला, त्याचं मोबाइल अ‍ॅपही.

राहिली ती चार गाणी. कित्येक वर्षं स्वतःच्या घरीच वर्ग घेतले तिनं, नमस्कार कसा करायचा, अवयव, प्राण्यांची नावं, आकडे, खेळ, गाणी. एवढ्यानं पोरं फाडफाड बोलायला लागणार नाहीत हे मान्य, पण क्लिक लहानपणी जिभेवर सहज बसतात, नुसत्या पुस्तकातून ते येणं अवघड, म्हणून गाणी. पुढं नातही शिकवायला लागली, म्हणजे “विषय संपला” हेही गेलं.

रडायचंच असेल तर यावर रडा: 2014 मध्ये सरकारनं आजीला ऑर्डर ऑफ द बाओबाब हा राष्ट्रीय सन्मान दिला, देशाच्या राजमुद्रेवर ब्रीदवाक्यही एका नामशेष सान भाषेतलं आहे, आणि 12 अधिकृत भाषांच्या यादीत सान लोकांची एकही भाषा नाही.