लोकल पार्टनर म्हणे!

परदेशी मदतवाल्यांचं हे 'लोकल पार्टनर'चं (म्हणजे इथल्या स्थानिक संस्थांना सोबत घ्यायचं) तुणतुणं आता डोक्यात जायला लागलंय. 2016 ला मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी 'ग्रँड बार्गेन' नावाचा करार केला, 2020 पर्यंत 25 टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देणार म्हणे, मग यूएसएडनं (अमेरिकेच्या सरकारी मदतसंस्थेनं) 2025 चा वायदा केला आणि 2025 ला यूएसएडच गुंडाळली, घ्या आता! आपलं सरकार तरी काय कमी हाय? परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) रजिस्ट्रेशन पाहिजे तर संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे आणि तेवढ्यात 15 लाख खर्च केलेले पाहिजेत. अरे, 15 लाख असते तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? त्या पैशाचं खातं कुठं, तर दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेत. बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलातलं काम आणि पासबुक दिल्लीला! बरं मोठ्या संस्थेकडनं त्यांच्या परदेशी पैशातलं थोडं घ्यावं म्हटलं तर 2020 पासनं तेबी बंद. 2019 च्या पुरात निपाणी-चिकोडीकडं पहिल्यांदा कोण धावलं वो, लॉगफ्रेमवाले (प्रकल्पाचे तक्ते भरणारे)? गल्लीतली पोरंच की! पण त्यांना इंग्रजीत 'थिअरी ऑफ चेंज' (कामानं बदल कसा होणार ते) लिहायला येत नाही (मराठीत चालत नाही, कन्नडात तर विचारूच नका), मग बसा बोंबलत. वर्कशॉप मात्र जोरात, एसी हॉल, गळ्यात कार्ड, आणि विषय काय तर स्थानिकांचं सक्षमीकरण.