नुसती तळी मोजून भागत नाही

हिमनद्यांजवळची तळी फुटून येणाऱ्या पुरांवर एक लेख वाचला. त्यात हिमालयातल्या तलावांचं क्षेत्रफळ बघून कुठल्या गावाला किती धोका ते ठरवलंय. केदारनाथच्या वरचं चोराबारीचं तळं तसं लहानच होतं की! जून 2013 मध्ये पाऊस आणि वितळता बर्फ एकदम आला, हिमनदीनं आणून टाकलेल्या सुट्या दगडमातीचा बांध फुटला आणि केदारनाथ गाडलं गेलं. 7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडातल्या चमोलीत पूर आला, तिथं तर तलावच नव्हता. रोंटी शिखराचा कडा बर्फासकट निखळला, सुमारे 2.7 कोटी घनमीटर. म्हणजे उतार किती, सुटा माल किती, वरचा खडक भेगाळलाय का, हे आधी बघायला नको?

आम्ही बीडचे. बिंदुसरेला पूर आला की घरातला चिखल खराट्यानं लोटायचा, एवढंच ठाऊक. केदारनाथला देवळामागची ती भली मोठी शिळा बघितली अन् गप्पच झालो. पाण्यानं हे वाहून आणलं? नुसतं पाणी नसतंच ते, ओल्या काँक्रीटसारखा लगदा असतो, दगड उचलूनच चालतो.

आणखी एक. नाल्याच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली सपाट जागा दिसली की तिथं हॉटेल उठतं. ती जागा सपाट कशानं झाली, तर बहुधा अशाच लगद्यानं आणून टाकलेल्या मालानं, हे लेखात यायला हवं होतं.