शुक्रवारची चिठ्ठी, रविवारची यादी

दर शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला माझ्या फोनवर लेकीच्या शाळेची चिठ्ठी येते. आणि दर रविवारी सकाळी मी चहा घेऊन बसते तेव्हा, म्हणजे सांगलीत संध्याकाळ झालेली असते तेव्हा, भावाकडून माझ्या भाच्याच्या क्लासची यादी येते. दोन्ही मुलं दहा वर्षांची. लेक इथे अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियातल्या सरकारी शाळेत, हुशार म्हणून निवडलेल्या मुलांच्या चौथीच्या वर्गात आहे. भाचा सांगलीत पाचवीत आहे आणि शिष्यवृत्तीची तयारी करतोय. दोघांनाही सगळे हुशार म्हणतात. पण या दोन निरोपांतून त्यांच्या हुशारीबद्दल घरच्यांना जे कळतं, ते इतकं वेगळं आहे की गेले काही महिने मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी चिठ्ठीबद्दल. ती फार मोठी नसते. पडद्यावरून दोनदा बोट फिरवलं की संपते. या आठवड्यात वर्गात काय झालं, मुलं कुठे अडली, पुढच्या आठवड्यात काय येणार, आणि घरी काय करा किंवा करू नका. कुणाचं नाव नाही, कुणाचे गुण नाहीत. ऑक्टोबरातल्या एका चिठ्ठीतला मजकूर साधारण असा होता : या आठवड्यात मुलांना विचारलं आहे की कोणत्या संख्या लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येत नाहीत. बहुतेक मुलं अडली आहेत, आणि त्यांनी अडावं म्हणूनच हा प्रश्न दिला आहे. कृपया घरी उत्तर सांगू नका. आतापर्यंत काय काय करून पाहिलंस, एवढंच विचारा.

त्या संध्याकाळी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली होती. ९ म्हणजे ४ अधिक ५. १५ तीन तऱ्हांनी येतो, ७ अधिक ८, ४ अधिक ५ अधिक ६, आणि १ पासून ५ पर्यंत. १२ म्हणजे ३, ४, ५. पण २ येत नाही, ४ येत नाही, ८ येत नाही. त्यांच्याभोवती तिने गोल केले होते. आता गाडी १६ वर आली होती. ७ अधिक ८ पंधरा, ८ अधिक ९ सतरा. तीन संख्या घेतल्या तर १५ नंतर एकदम १८. चार घेतल्या तर १४ नंतर १८. ती प्रत्येक ओळ लिहायची, खोडायची नाही, नुसती बाजूला फुली मारायची. मी कणीक मळत होते. माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "अगं, दोनाची दुप्पट, तिची दुप्पट, असं करत जा की, बघ." तिने पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मला ते सापडत होतं." आणि वही मिटून आत गेली.

चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ती वाचलीही होती. तरी माझ्या हातून ते झालं, कारण मी ज्या परीक्षेतून वर आले तिथे उत्तर लवकर येणं म्हणजेच हुशारी. ती सवय समुद्र ओलांडून माझ्याबरोबर आली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आता रविवारची यादी. भाच्याच्या क्लासमध्ये दर आठवड्याला शिष्यवृत्तीच्या नमुन्याची सराव परीक्षा होते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, एकूण ३००. निकाल पालकांच्या ग्रुपवर येतो, साठेक मुलांची नावं गुणांनुसार उतरत्या क्रमाने. पहिल्या तिघांपुढे फुलांचे गुच्छ. भाऊ ती यादी मला पाठवतो आणि खाली लिहितो, "या वेळी अकरावा." पुढच्या आठवड्यात, "एकोणिसावा. काय झालंय कळत नाही." मीही विचारते, "कुठे चुकला?" तर भावाला ते सांगता येत नाही, कारण यादीत ते नसतं. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांत अडला, की मराठीचा उतारा वाचायला वेळ पुरला नाही, की त्या दिवशी पोट दुखत होतं? यादी फक्त एकोणिसावा म्हणते. आणि ते एकट्या माझ्या भावाला नाही, साठ घरांना कळतं. ज्या मुलाचं नाव साठावं असतं, त्याचीही आई त्याच ग्रुपमध्ये असते. ती रविवारी रात्री मुलाला काय म्हणत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

परीक्षेवरच राग काढायचा म्हणून मी हे लिहीत नाही. उलट माझं सगळं पुढचं आयुष्य त्या परीक्षेवर उभं आहे. १९९३ साली मी चौथीत होते, खानापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. गुरुजींनी वर्गातल्या सगळ्या मुलांचे फॉर्म भरले होते, जमणाऱ्यांचे आणि न जमणाऱ्यांचे. पहाटे कंदील घेऊन ज्यादा तासाला जायचो. तेव्हाही दर आठवड्याचा निरोप असायचा, तो गुरुवारी, बाजारात. आबा पेंड घ्यायला गेले की गुरुजी त्यांना दुकानापाशीच गाठायचे. मी पिशवी धरून शेजारी उभी. एकदा म्हणाले, "पोरीला आकृत्या झटक्यात कळतात, पण प्रश्न पुरता वाचत न्हाई. घरी ज्वारी निवडायला बसवा तिला रोज. घाई जाईल." आबा तिसरी शिकलेले, अडखळत वाचायचे. शिष्यवृत्तीचं पुस्तक त्यांना कळण्यातलं नव्हतं, पण ज्वारी निवडायला बसवणं कळलं. महिनाभर मी सूप घेऊन ओसरीवर बसत होते. माझा कितवा नंबर आला असता हे गुरुजींनी आबांना कधी सांगितलं नाही, आबांनी विचारलं नाही.

म्हणजे ही आठवड्याची चिठ्ठी अमेरिकेने शोधून काढलेली नाही. आपल्याकडे ती होती, आणि ती चांगल्या मराठीत होती. मधल्या काळात गुरुजी आणि आबा यांच्या मधे यादी आली.

सध्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सगळ्यात तावातावाने वाद होतो तो इयत्तेवरून. शिष्यवृत्ती २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला गेली होती. २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी आणि सातवीकडे न्यायचं ठरवलं. निवृत्त शिक्षक असलेले माझे काका म्हणतात, बरं झालं, जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असतात, पाचवीला मूल दुसरीकडे गेलं की त्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. वहिनी म्हणते, नऊ वर्षांच्या पोरावर एवढा भार कशाला. मला काकांचं म्हणणं पटतं, कारण ज्या गुरुजींनी चार वर्षं मूल पाहिलं त्यांनीच ते परीक्षेला बसवावं. पण खरं सांगायचं तर हा वाद मला अर्धाच वाटतो. परीक्षा कोणत्या वर्षी घ्यायची यावर आपण वर्षानुवर्षं बोलतो. मुलाचं नाव गुणवत्ता यादीत आल्यावर त्याच्या घराशी कोण बोलणार, यावर कुणी बोलत नाही. फ्लेक्स लागतो, पेढे वाटले जातात, रक्कम बँकेत जमा होते. पुढे काय?

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचं तर याहून वाईट झालं. २०२१ नंतर ती योजनाच थांबली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या मुलांना आधार देण्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद आहेत. पण मूल वाडीवर किंवा वस्तीवर असेल, तर त्याच्या घरापर्यंत त्यातलं काय पोचतं? पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम उभं केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला ज्ञानप्रबोधिनी येत नाही.

इथलं सगळं आलबेल आहे असंही कुणी समजू नये. हुशार मुलांना वेगळं शिकवलंच पाहिजे असा अमेरिकेत देशभराचा कायदा नाही. ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. व्हर्जिनियात प्रत्येक शालेय विभागाला त्यासाठीचा आराखडा करावा लागतो. न्यूयॉर्क शहरात चार वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन बालवाडीपासून वेगळे वर्ग करायचे. २०२१ मध्ये ती परीक्षा बंद झाली, आणि वर्ग ठेवायचे की मोडायचे यावर तिथल्या एकामागून एक आलेल्या महापौरांचं एकमत होत नाही. एक बाजू म्हणते हे वर्ग म्हणजे सुखवस्तू घरांची सोय, दुसरी म्हणते गरिबाघरच्या हुशार मुलाला दुसरा रस्ताच नाही. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचा, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याचा, अनुभव मला यात सगळ्यात बोलका वाटतो. तिथे आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलाची चाचणी व्हायची. २००५ साली त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली, तर गरीब घरांतली, काळी आणि लॅटिनो मुलं कितीतरी जास्त संख्येने निवडली गेली. ती मुलं आधीही तिथेच होती, कुणाला दिसत नव्हती. पुढे पैशांअभावी ती चाचणी थांबली तेव्हा आकडे पुन्हा घसरले. हे वाचताना मला आमचे गुरुजी आठवले. सगळ्यांचे फॉर्म भरायचे, ही त्यांची साधी पद्धत होती.

चाचणीचाही भरवसा किती धरायचा? १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने अतिबुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. तपासणीत दोन मुलगे त्यात बसले नाहीत, विल्यम शॉकली आणि लुईस आल्व्हारेझ. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. एकोणिसाव्या नंबरवरून भाऊ रात्रभर जागा राहतो तेव्हा मी त्याला हे सांगते. त्याचं समाधान होत नाही, पण सांगते.

आणि शुक्रवारची चिठ्ठी? तिच्यातही एक दुखणं आहे. ती मला कळते कारण मला इंग्रजी येतं, आणि माझं काम टेबलावरचं आहे म्हणून शुक्रवारी दुपारी फोन बघायला वेळ मिळतो. लेकीच्याच वर्गात एक मुलगा आहे, त्याचे आईवडील एल साल्वादोरहून आलेले. आई हॉटेलांतल्या खोल्या साफ करते. आमची ओळख बसथांब्यावरची. काउंटीच्या मोठ्या सूचना स्पॅनिशमध्ये येतात, पण वर्गाची ही चिठ्ठी इंग्रजीत, वर आद्याक्षरांच्या कोड्यांनी भरलेली. फोनने केलेलं भाषांतर तिला धड कळत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या गणिताच्या गटाबद्दल एक सभा होती, ती तिला कळलीच नाही, फॉर्म भरायचा राहिला आणि मुलगा त्या गटात गेला नाही. तिने मला हे सांगितलं तेव्हा मला फार अपराधी वाटलं, कारण तीच चिठ्ठी माझ्या फोनवर होती. आता मी शुक्रवारी बसथांब्यावर तिला सोप्या शब्दांत सांगते. माझं मोडकंतोडकं स्पॅनिश आणि तिचं मोडकंतोडकं इंग्रजी यांत काम भागतं. पण हे एका शेजारणीच्या मर्जीवर असू नये. ज्या घराला चिठ्ठीची गरज जास्त, त्या घराला ती त्याच्या भाषेत आधी मिळायला हवी. आबांना बाजारात मिळायची तशी.

म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांकडे माझं मागणं छोटं आहे. इयत्ता चौथी ठेवा की पाचवी, पण आठवड्यातून एकदा घराला पाच ओळी जाऊ द्या. पोरं या आठवड्यात कशात अडली, घरी काय विचारावं, काय सांगू नये. पालकांचे ग्रुप आहेतच, त्यांवर उद्याचा गणवेश आणि सुट्टीची सूचना येतेच. वाचता न येणाऱ्या घरासाठी शिक्षकांनी बोलून पाठवावं, मिनिटभराचं. शिक्षकांवर आधीच किती ओझं आहे ते मला ठाऊक आहे, माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तिची संध्याकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात जाते. त्यातला एखादा अहवाल कमी करा आणि ती दहा मिनिटं या चिठ्ठीला द्या. क्रमांकाची यादी मात्र ग्रुपवर टाकू नका. ज्याचे गुण त्याच्या घरी कळवा.

गेले दोन महिने मी स्वतःच भाऊ-वहिनीला दर रविवारी एक चिठ्ठी पाठवते. लेकीचं कोडं मराठीत, आणि खाली काय विचारायचं ते. भावाने सुरुवातीला "छान" म्हणून सोडून दिलं होतं. मागच्या रविवारी यादी आली, भाचा चोविसावा. मी काही लिहायच्या आत वहिनीचा निरोप आला : "ताई, तो यादी बघायलाही आला नाही. सकाळपासून तुमचं ते बेरजेचं कोडं घेऊन बसलाय. १६ होत नाही म्हणे, आता ३२ बघतोय. ह्यांना उत्तर माहीत आहे, तोंड उघडू नका म्हणून दटावलंय. मी विचारलं, काय काय करून पाहिलंस, तर अर्धा तास सांगत होता. मला निम्मं कळलं नाही. पुढचं कोडं पाठवा."