पानिपत इंदूरातून वेगळं दिसतं

पुण्याकडच्या नातेवाईकांत पानिपतचा विषय निघाला की गाडी हमखास मल्हारराव होळकरांवर येते. अब्दालीला साथ देणाऱ्या नजीबखान रोहिल्याला त्यांनीच आधी वाचवला, आणि १४ जानेवारी १७६१ ला मैदान सोडून ते निघून गेले, हे तिकडे इतकं पक्कं असतं की कोणी वाद पण घालत नाही. आणि आम्ही इकडे इंदूरच्या रामबागेत वाढलेलो. आमच्यासाठी मल्हारराव म्हणजे सुभेदार, माळव्यात मराठ्यांचा पाय रोवणारे, कुंभेरीच्या वेढ्यात मुलगा मारला गेला तेव्हा अहिल्याबाईंना सती जाऊ न देणारे सासरे. पानिपतातून ते निघाले ते हाताशी उरलेली माणसं वाचवायला, असंच आमच्या घरी ऐकलं. खरं सांगायचं तर दोन्हीकडे जुने कागद कोणी वाचलेले नाहीत, दोन्हीकडे आजोबांनी सांगितलंय, पण दोन्हीकडचे लोक बोलतात असे की जणू स्वतः तिथे उभे होते!

लोक म्हणतात मतं समाजातून येतात, ते ठीकच आहे. मला त्याच्या पुढचं म्हणायचंय, समोरचं दिसतं काय तेसुद्धा बरंचसं आजूबाजूची माणसं ठरवतात. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांतली तिच्याएवढी कुठली ते सांगायचं, बस. लहान पोर सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देणारे, खरा फक्त एक जण. त्या एकट्यांपैकी जवळजवळ पाऊण लोकांनी एकदा तरी सगळ्यांबरोबर चुकीचं उत्तर दिलं. नंतर विचारलं तर काही म्हणाले की वेगळं पडायचं नव्हतं, पण बरेच जण म्हणाले की सगळे म्हणतायत म्हणजे आपल्याच नजरेत काहीतरी गडबड असेल. हे वाचून मी खरंच हादरलो, कारण इथे ना इतिहास होता, ना जात, ना पक्ष, नुसती रेघ होती.

आणि ज्यात माणसाचा जीव जातो तिथे काय होत असेल? इंदूरहून नाशिकला जाताना धुळे लागतं, आपण सगळे त्या रस्त्याने जातो. त्याच धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला आठवडी बाजाराच्या दिवशी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. मोबाईलवर अफवा आधीच फिरत होत्या, त्यामुळे तिथे जमलेल्यांना भिक्षेकरी दिसलेच नाहीत, मुलं चोरणारे दिसले. मारणारे सगळे जन्माचे क्रूर होते असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

ॲशच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र मला धरून ठेवावीशी वाटते. खोलीत फक्त एक जण जरी बरोबर उत्तर देणारा बसवला, तरी ज्याची परीक्षा चालली होती त्या बिचाऱ्याचं चुकणं एकदम कमी व्हायचं. एकच माणूस, बाकी काही नाही.

म्हणून आपल्या मंडळातल्या लोकांना मनापासून सांगतो. आपल्यात एक काका आहेत, काहीही फॉरवर्ड आलं की विचारतात, हे कुठून आलं, कोणी बघितलं? गणपतीच्या मीटिंगमध्ये पण विचारतात, सगळे वैतागतात, आणि आता त्यांना ग्रुपमधून काढायचं चाललंय. काकांचं प्रत्येक म्हणणं मला पटतं असं नाही, मल्हाररावांवर तर ते सरळ पुणेकरांच्या बाजूने बोलतात आणि माझं त्यांच्याशी चांगलंच वाजतं. पण त्यांना काढायला माझा साफ विरोध आहे, आणि रविवारच्या मीटिंगमध्ये मी हे उभा राहून बोलणार आहे.