‘घरच्या बागेसाठी आहे, परवाना लागत नाही’: हे खरं नाही

बागकामाच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. घरबसल्या व्यवसाय सुचवणारा आहे आणि लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असावा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कीटकनाशकांचा कायदा शेतीसाठी आहे, घरच्या बागेला तो लागू नाही. सेंद्रिय औषधांना नोंदणी लागत नाही. २०२२ पासून सरकारने ऑनलाइन विक्री सगळ्यांना खुली केली आहे. रोपं आणि बियांना तर कसलाच नियम नाही. तेव्हा बाटल्या भरा, फोटो टाका, कुरिअर करा.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. स्पर्धा नको म्हणून हा माणूस लिहितोय असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. घरून रोपं विकून संसाराला हातभार लावणाऱ्या कितीतरी बायका माझ्याच दुकानात कोकोपीट आणि कुंड्या घ्यायला येतात. या मजकुरावर विसंबून कुणी अडचणीत आलं, तर त्याच येतील.

‘कायदा घरच्या बागेला लागू नाही.’ या वाक्याला थोडा आधार आहे, म्हणून ते पटतं. कीटकनाशके कायदा १९६८ चा. त्याच्या कलम ३८ मध्ये सूट दिली आहे: स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कुणी कीटकनाशक वापरलं, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. पण ही सूट वापरणाऱ्याला आहे, विकणाऱ्याला नाही. तुमच्या जास्वंदीवर तुम्ही फवारलंत, प्रश्न मिटला. तेच औषध बाटलीत भरून शेजारच्या इमारतीतल्या काकूंना विकलंत, तर कलम १३ आलं. विकणं, विक्रीसाठी साठवणं, विक्रीसाठी मांडणं, वाटप करणं, या सगळ्याला परवाना लागतो. ग्रुपवर किमतीसह फोटो टाकणं हे मांडणंच आहे, असं मी तरी समजतो.

हा कायदा का आला, तेही त्या मजकुरात असायला हवं होतं. १९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात विषबाधा होऊन १०० हून जास्त माणसं गेली. गव्हाचं पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं. विष पिठात उतरलं आणि पिठाचे पदार्थ लोकांच्या पोटात गेले. त्यांच्यातल्या कुणी फवारणीचा पंप हातात धरलेला नव्हता. पुढे चौकशी झाली आणि दहा वर्षांनी कायदा झाला.

‘सेंद्रिय औषधांना नोंदणी लागत नाही.’ इथे मला जास्त बोलायचं आहे. मागच्या पावसाळ्यात एक ताई दुकानात आल्या. हातात १०० मिलीची पांढरी बाटली, कुरिअरने आलेली. वर घरच्या प्रिंटरवर काढलेला हिरवा कागद, त्यावर पानाचं चित्र आणि ‘१००% सेंद्रिय, मावा व पिठ्या ढेकणावर रामबाण’ एवढंच. टेक्निकल (म्हणजे कीड मारणारा मूळ घटक) काय, प्रमाण किती, बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता, काहीही नाही. फवारताना हाताला लागलं, डोकं जड झालं, म्हणून विचारायला आल्या होत्या. मी झाकण उघडलं. कडूनिंबाच्या तेलाचा वास वर्षानुवर्षं नाकात बसलाय, तो हा नव्हता. क्लोरपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक विकणाऱ्या कुणालाही जो वास लगेच आठवेल, तो होता. आत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल, नुसत्या वासावर मी शपथ घेणार नाही. पण ताईंनी विकणाऱ्याला मेसेज करून विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘फॉर्म्युला सांगता येत नाही.’

आता कायद्याचं. कीटकनाशक म्हणजे काय हे कायद्याच्या परिशिष्टातल्या यादीवरून ठरतं, ‘रासायनिक’ आणि ‘सेंद्रिय’ अशा भेदावरून नाही. निंबोळीपासून केलेली औषधं, ट्रायकोडर्मा आणि ब्युव्हेरिया या बुरशी, बीटी हे जिवाणू, हे सगळं त्या यादीत आहे. फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे त्यांचीही नोंदणी होते. निंबोळी अर्काच्या नोंदलेल्या डब्यावर अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला कीड मारणारा घटक) ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग, असं छापलेलं असतं ते त्यामुळेच. तेच तेल साबणासाठी विकलं तर हा कायदा आड येत नाही. ‘मावा मारतं’ म्हणून विकलं की येतो.

ताईंना मी साबणाने हात धुवायला लावले आणि डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत काय पाठवणार होतो? डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, औषध कोणतं? क्लोरपायरीफॉससारखं ऑर्गनोफॉस्फेट गटातलं असेल तर अ‍ॅट्रोपीन देतात. ब्रोमाडिओलोनचं उंदराचं औषध पोटात गेलं असेल तर व्हिटॅमिन के. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करतात. नोंदलेल्या डब्यावर आणि आतल्या माहितीपत्रकावर उतारा छापलेला असतो, मराठीतही. लेबलवर तिरका उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग दिलेला असतो: सगळ्यात जहाल ते लाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून ती सोय आहे. यवतमाळमध्ये २०१७ साली कपाशीवर फवारताना २० हून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अनेकांनी दोन-तीन औषधं एकत्र करून मारली होती. तिथे निदान डबे तरी होते. ताईंच्या बाटलीवर डॉक्टरांना दाखवायला पानाच्या चित्राशिवाय काही नव्हतं.

‘२०२२ पासून ऑनलाइन विक्री सगळ्यांना खुली.’ २४ नोव्हेंबर २०२२ ला नियम बदलला हे खरं आहे. पण ‘सगळ्यांना’ हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःचा घातला आहे. मुभा परवानाधारकाला मिळाली. ज्याच्याकडे आधीच परवाना आहे, तो ई-कॉमर्स कंपनीमार्फत घरपोच विकू शकतो आणि त्याचा परवाना तपासून घेण्याची जबाबदारी त्या कंपनीवर आहे. परवान्यासाठी कंपनीचं पीसी (प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे तिचा माल विकायला तिने दिलेलं पत्र) लागतं, ठरलेलं शिक्षण लागतं, जागा लागते. माझ्या परवान्यावर ज्या कंपन्यांची नावं चढवलेली नाहीत, त्यांचा डबा मीसुद्धा विकू शकत नाही. शिवाय बंदी घातलेली औषधं ऑनलाइनही बंदच आहेत. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, तरी झुरळांसाठी ते मागणारी जुनी गिऱ्हाइकं अजून येतात. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मी कुणालाही सुट्या देऊ शकत नाही, मग इंटरनेटवरून देणं लांबच राहिलं.

खतांचंही तसंच. युरिया किंवा १९:१९:१९ या मिश्र खताच्या मोठ्या पोत्यातून पुड्या बांधून विकायला खत नियंत्रण आदेश १९८५ खाली अधिकारपत्र हवं.

‘रोपं-बियांना नियम नाही.’ यातलं अर्धं मी मान्य करतो. मनी प्लांट, स्नेक प्लांट, मोगरा, शेवंती घरी वाढवून विकायला यातला कुठलाही परवाना लागत नाही, आणि लागू नये. ते काम बिनधास्त करा. पण टोमॅटो-मिरचीचं बी पुडीत भरून विकलं की बियाणे नियंत्रण आदेश १९८३ लागू होतो. फळझाडांच्या कलमांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यामागे साधं दुःख आहे: केसर आंबा म्हणून लावलेलं कलम पाचव्या वर्षी रायवळ निघालं, तर गेलेली पाच वर्षं कोण भरून देणार? परदेशातून बी मागवायचं तर २००३ च्या आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोपआरोग्य प्रमाणपत्र लागतं. मेघालयातली घटपर्णी ही किडे खाणारी वनस्पती १९९१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

कुंडीतलं रोप एकटं प्रवास करत नाही, एवढं विकणाऱ्याने लक्षात ठेवावं. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसला आणि दोन वर्षांत पुण्याच्या पपईबागांपर्यंत पोचला. तो जास्वंदीवरही जगतो. शेवटी त्याला आवरायला बाहेरच्या देशातून परोपजीवी गांधीलमाशी आणावी लागली. जलपर्णी आणि घाणेरी या दोन्ही कुणीतरी शोभेसाठी म्हणूनच आणल्या होत्या. आज पवना आणि इंद्रायणीवरून जाताना पुलावर उभं राहून खाली बघा.

ताई चार दिवसांनी बऱ्या झाल्या. बाटली घरात नको म्हणून माझ्याकडे देऊन गेल्या. ती मोरीत ओतता येत नाही, कचऱ्यात टाकता येत नाही, आणि कोणतं औषध म्हणून कुणाच्या ताब्यात द्यावी हेही सांगता येत नाही. दोन पिशव्यांत बांधून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. पिशवीवर मी मार्करने लिहिलंय, ‘आत काय आहे माहीत नाही. उघडू नये.’