'जिंगो' जपानचा नाही आणि दुरभिमान परका नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण मला तपासायला दिले आणि त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर जसाच्या तसा उतरलेला दिसला. त्याचे म्हणणे असे, की देशाभिमानाच्या अतिरेकाला म्हणतात ते 'शॉव्हिनिझम' आणि 'जिंगोइझम' हे समानार्थी शब्द आहेत; पहिला नेपोलियनच्या शोव्हँ नावाच्या सैनिकावरून आणि दुसरा जपानच्या जिंगू सम्राज्ञीवरून आला; इंग्रजांनी ते गुलाम देशांतील देशभक्तांना हिणवण्यासाठी घडवले; आणि मराठीत त्यांना प्रतिशब्द नाही, कारण आपल्याकडे देशाभिमानाचा अतिरेक होऊच शकत नाही. "मामा, हे सगळ्यांनीच पाठवलंय," एवढाच तिचा पुरावा होता.

जिंगू सम्राज्ञीचा मुद्दा एका वाक्यात संपतो. जपानी आख्यायिकांत ती आहे, तिने कोरियावर स्वारी केल्याचेही सांगतात. पण 'बाय जिंगो' ही शपथेसारखी उक्ती इंग्रजीत सतराव्या शतकापासून रुळलेली आहे आणि तिचा जपानशी काही संबंध नाही.

खरा संताप येतो तो 'इंग्रजांनी आपल्याला हिणवण्यासाठी' या वाक्याचा. रशिया-तुर्कस्तान युद्धात रशियन फौजा तुर्कांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) हिच्या वेशीपर्यंत आल्या, तेव्हा लंडनच्या करमणूकगृहांत मॅकडरमॉट नावाचा गायक रशियाला दम भरणारे एक गाणे गात असे. आम्हाला लढायचे नाही, पण 'बाय जिंगो' लढलोच तर जहाजे आहेत, माणसे आहेत आणि पैसाही आहे, असा त्याचा आशय होता. १३ मार्च १८७८ रोजी 'डेली न्यूज' या लंडनच्या वृत्तपत्रात जॉर्ज होलिओक या इंग्रजानेच पत्र लिहून हे गाणे गात फिरणाऱ्या आपल्या देशबांधवांना 'जिंगो' म्हटले. म्हणजे हा शब्द इंग्रजाने इंग्रजांना मारलेला टोला आहे. त्यात आपण कुठे होतो, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने सुमारे ७,००० हिंदी सैनिक भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर धाडले, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. आणि लगेच लंडनमध्ये त्या गाण्याचे विडंबन झाले, की आम्ही घरी बसून गाणी म्हणू आणि लढायला सौम्य स्वभावाच्या 'हिंदू'ला पाठवू. गाणारा एक आणि मरणारा दुसरा, हे जिंगोइझमचे मर्म त्या विडंबनकाराला बरोबर कळले होते.

म्हणूनच हे दोन शब्द समानार्थी नाहीत. आपले ते सगळे श्रेष्ठ आणि परक्याचे ते हीन, ही शॉव्हिनिझमची वृत्ती. तिला युद्धाची गरज नसते, आणि पुढे याच शब्दाने पुरुषी वर्चस्ववादाचेही वर्णन होऊ लागले. जिंगोइझमला मात्र समोर शत्रू लागतो आणि परराष्ट्र धोरणाने त्याच्यावर गुरकावत राहावे लागते. 'युद्धखोर' हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो, कारण जिंगोची सुरुवातच 'आम्हाला लढायचे नाही' अशी असते.

शोव्हँची गोष्ट निम्मीच खरी आहे. शब्द त्याच्या नावावरून आला, हे मान्य. पण सतरा जखमा झेलणारा तो सैनिक खरोखर होऊन गेल्याचा पुरावा झेरार द प्युमेज या अभ्यासकाला सापडला नाही. त्याची कीर्ती मुख्यतः १८३१ च्या एका फ्रेंच प्रहसनाने पसरवली.

राहिली मराठी. 'जिंगोइझम'ला एकशब्दी, तयार पर्याय आपल्याकडे नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. पण शब्द नाही म्हणून वृत्तीही नाही, हा तर्क कोणता? शिवाय दुरभिमान आहे, अहंता आहे, अभिनिवेश आहे. आज आपण छाती फुगवून उच्चारतो ती 'अस्मिता' पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेशांपैकी, म्हणजे दुःखाच्या मुळांपैकी, दुसरा क्लेश आहे आणि अभिनिवेश हा पाचवा. तिथे प्रश्न राष्ट्राचा नाही, व्यक्तीच्या 'मी'चा आहे, हे खरे. तरी अभिमानाचा अतिरेक ही कल्पनाच आपल्याकडे नाही, असे म्हणण्यासाठी बरेच काही न वाचलेले असावे लागते.

भाचीच्या भाषणातच, तिसऱ्या पानावर, तिच्या स्वतःच्या अक्षरात 'जातीचा दुराभिमान सोडा' असे वाक्य होते. मी दुसरा परिच्छेद खोडला आणि तिसऱ्या पानावरचा तेवढा 'रा'चा काना काढून टाकला.