आखूड बेडच्या पिकअपला ‘कोणतीही हिच चालते’ हे खरे नाही

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या दिराने परवा मला एक संदेश पाठवला, जो अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या कॅम्पिंगच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्याच्याकडे साडेसहा फुटी बेडचा (मागच्या उघड्या हौद्याचा) पिकअप आहे, फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी, म्हणजे ज्याचे तोंड बंपरला नव्हे तर पिकअपच्या बेडमध्ये जोडतात अशा ट्रेलरसाठी, त्याने इसारही दिला आहे, आणि या संदेशावर विसंबून तो येत्या आठवड्यात हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, बसवायला गाडी नेणार होता. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: सरकती हिच (मागे सरकून वळताना ट्रेलरला कॅबपासून दूर ठेवणारी) हे कंपन्यांचे पैसे उकळण्याचे साधन आहे, कारण नव्या ट्रेलरचे पुढचे कोपरे कापलेले असतात आणि पिकअप आणि ट्रेलर यांच्यात 45 अंशांपलीकडे कोणी वळतच नाही, तरीही धाकधूक वाटत असेल तर साधी हिच मागच्या ॲक्सलच्या फूटभर मागे बसवावी, हिचवर 20,000 पौंड लिहिलेले असले की वजनाची चिंता संपली, मग पिकअप हाफ टन, म्हणजे हलक्या वर्गातला, असला तरी चालतो, आणि सर्वांत स्वस्त उपाय हवा असेल तर किंगपिनला (ट्रेलरच्या तोंडाखालच्या जोडखुंटीला) नळी जोडून गूजनेकच्या बॉलवर (बेडच्या तळाशी बसवलेल्या गोळ्यावर) ट्रेलर ओढावा.

यातला सर्वांत घातक सल्ला हिच मागे सरकवण्याचा आहे, म्हणून तो आधी घेते. फिफ्थ व्हीलची सगळी मातब्बरी एकाच गोष्टीत आहे: ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन किंगपिनमधून पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा त्याच्या इंच-दोन इंच पुढे उतरते. बंपरला जोडलेला ट्रेलर वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या झोताने डोलू लागला की तो पिकअपचे शेपूट ढकलतो, कारण जोड ॲक्सलच्या बराच मागे असतो आणि त्या अंतराची तरफ होते. फिफ्थ व्हीलमध्ये ती तरफ जवळजवळ नसतेच. हिच 12 इंच मागे नेणे म्हणजे ज्या गुणासाठी इतके पैसे मोजले तोच आपल्या हाताने कमी करणे होय.

हिशेबच मांडायचा तर 160 इंच व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराचा) पिकअप आणि किंगपिनवर 2,400 पौंड वजन धरू. हिच ॲक्सलच्या दोन इंच पुढे असेल तर पुढच्या चाकांवर 30 पौंड वाढतात. तीच 12 इंच मागे नेली की पुढच्या चाकांवरून 180 पौंड उचलले जातात. मागे भार जास्त झालेली बैलगाडी उलाळ होते, तोच प्रकार येथे होतो, फरक इतकाच की पिकअपमध्ये जी चाके हलकी होतात त्यांनीच गाडी वळवायची असते. उभ्या गाडीत 180 पौंड किरकोळ वाटतील, परंतु खड्ड्यावरून जाताना किंवा ओल्या उतारावर ब्रेक दाबताना किंगपिनवरचा भार स्थिर राहत नाही, आणि वळणावर ट्रेलरचा आडवा रेटा त्या फूटभर तरफेने वाढून पिकअपच्या मागच्या भागावर येतो. हाताने सरकवायच्या हिचमध्येही हिच मागे नेतात, हे खरे आहे. पण ते केवळ कॅम्पच्या जागेत, चालण्याच्या वेगाने गाडी लावताना, आणि रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुढे आणून कुलूपबंद करावी लागते. जी स्थिती बनवणाऱ्यांनी काही मिनिटांपुरती ठरवली आहे, ती महामार्गावर कायमची वापरा, असे हा संदेश बिनदिक्कत सांगतो.

आता 45 अंशांचा मुद्दा. आखूड बेडच्या मोठ्या पिकअपमध्ये कॅबच्या मागच्या भिंतीपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत साधारण 40 इंच असतात, तर आठ फुटी बेडमध्ये 56 इंचांच्या आसपास. ट्रेलरची रुंदी 96 ते 102 इंच, म्हणजे किंगपिनपासून बाजूच्या भिंतीपर्यंत 48 ते 51 इंच. 40 इंचांच्या जागेत 48 इंच फिरणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ट्रेलरचे तोंड चौकोनी असून पुढची भिंत किंगपिनच्या बरोबर वर असेल, तर 96 इंच रुंदीचा कोपरा सुमारे 56 अंशांवर कॅबला भिडतो. तीच भिंत किंगपिनच्या एक फूट पुढे असेल तर 40 अंशांतच मागची काच गेली म्हणून समजा. आणि 45 अंशांपलीकडे कोणी वळत नाही, हे ज्याने लिहिले त्याने झाडांच्या मधल्या अरुंद जागेत ट्रेलर मागे घेतलेला नसावा. तेथे पिकअप आणि ट्रेलर काटकोनाजवळ यायला स्टिअरिंगचा एक जादा फेरा पुरतो.

कापलेल्या कोपऱ्यांविषयीचे म्हणणे मात्र मला अर्धे मान्य करावे लागते. पुष्कळ नव्या ट्रेलरचे तोंड खरोखरच असे निमुळते केलेले असते की साडेसहा फुटी बेडमध्ये साध्या हिचवरही ते काटकोनात फिरतात, आणि अनेक जण तसे निर्धोकपणे चालवतातही. पण ते हिच नेमकी कोठे बसली आहे, पिनबॉक्स (किंगपिन धरणारा ट्रेलरचा पुढचा भाग) किती लांब आहे आणि जमीन सपाट आहे की नाही यावर अवलंबून असते. पिकअप उताराच्या पायथ्याशी सपाटीवर आणि ट्रेलर मागे उतारावर, अशा स्थितीत ट्रेलरचा वरचा कोपरा कॅबकडे झुकतो आणि कागदावर शिल्लक असलेले तीन इंच नाहीसे होतात. साडेपाच फुटी बेडला तर हा भरवसा मुळीच धरू नये.

हिचवरच्या 20,000 पौंडांचा अर्थ इतकाच की ते लोखंड तेवढे झेलते. पिकअप झेलतो असे त्यातून निघत नाही. पिकअपची मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते. अमेरिकेच्या फेडरल मोटार सुरक्षा मानक क्रमांक 110 नुसार भरल्यावरचे कमाल वजन 10,000 पौंडांपर्यंत असलेल्या गाड्यांवर ती सक्तीची आहे, आणि प्रवासी व सामान यांचे एकत्रित वजन अमुक आकड्यापेक्षा कधीही जास्त होऊ नये, असे तिच्यावर स्पष्ट बजावलेले असते. किंगपिनचे वजन याच सामानात मोजायचे. समजा, हाफ टन पिकअपच्या पट्टीवर 1,700 पौंड आहेत आणि भरलेला ट्रेलर 9,000 पौंडांचा आहे. फिफ्थ व्हीलमध्ये 15 ते 25 टक्के वजन किंगपिनवर येते. 20 टक्के धरले तरी 1,800 झाले. त्यात हिचचे दीडशे आणि चौघांच्या कुटुंबाचे सहाशे मिळवले की 2,550 पौंड. जाहिरातीत ओढण्याची क्षमता 11,000 पौंड लिहिलेली असली तरी हा पिकअप त्या ट्रेलरसाठी नाही. संदेशात या पट्टीचा उल्लेखही नाही, याचा मला खरोखर संताप येतो, कारण ती वाचायला दार उघडण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

गूजनेकच्या नळीबद्दल एवढेच सांगते की ती किंगपिनखाली लांब तरफ लावते, ब्रेकच्या प्रत्येक हिसक्याला पिनबॉक्स आणि ट्रेलरची चौकट पिळली जाते, आणि कित्येक चौकट उत्पादक अशा जोडणीनंतर वॉरंटी मानत नाहीत.

दिराला मी प्रथम टेप घेऊन ट्रेलरच्या विक्रेत्याकडे जायला सांगितले आहे. कॅबपासून हिचच्या मध्यापर्यंतचे अंतर ट्रेलरच्या अर्ध्या रुंदीपेक्षा चार-पाच इंचांनी जास्त भरले तर साधी हिच पुरेल. त्याच्या 40 इंचांत ते भरणार नाहीच, तेव्हा कोपरे किती मागून पूर्ण रुंद होतात ते मोजायचे, आणि तेथेही मोकळीक दिसली नाही तर सरकती हिच घ्यायची. हाताने सरकवायची हिच स्वस्त पडते, पण वळण्याआधी खाली उतरून, ट्रेलरच्या चाकांना अटकाव लावून, कळ ओढून पिकअप सरळ पुढे घ्यावा लागतो, आणि पेट्रोल पंपाच्या कोंडीत अडकल्यावर ते सुचायला उशीर झालेला असतो. वळताना आपोआप मागे सरकणारी हिच महाग आणि जड असते, तिचे वजन दोनशे पौंडांच्या पुढे जाते व तेही दारावरच्या पट्टीतूनच वजा होते. शिवाय किंगपिन हिचमध्ये स्वतंत्रपणे फिरू नये म्हणून त्याला एक ठरावीक लोखंडी प्लेट बसवावी लागते. तरीही तो आणि त्याची बायको दोघेही आळीपाळीने गाडी चालवणार असल्याने मी त्यांना आपोआप सरकणारीच घ्यायला सांगितली आहे.